दोन मिलिमीटर

नाना पेठेत ती चार चाकं
एकावर एक रचलेली, आरशासारखी.
घासाघीस केली, थोडी बढाई मारली,
तीन डिकीत, एक मागच्या सीटवर,
आणि एकाहत्तर सालची माझी फियाट
भरपेट जेवल्यासारखी मागून बसली.

दस्तगीर मेस्त्रींनी चकाकीकडे पाहिलंच नाही.
व्हर्निअर काढला, पँटला पुसला,
समोरासमोरच्या भोकांवर धरला,
मग हबवर, मग पुन्हा चाकावर.
"हे शंभर," म्हणाले. "हिचं अठ्ठ्याण्णव."

दोनच मिलिमीटर, मी म्हणालो.
बोल्ट घेतील की ओढून.

"घेतील ना. मान वाकडी करून घेतील.
बळंच बसवलेला पाहुणा
पंगतीतून मध्येच उठतो."

मग डाव्या हातातल्या पान्यानं
कात्रजच्या बाजूला खूण केली.
उमेदीतली गोष्ट. उतार. स्वतःच बसवलेलं चाक.
"खिडकीशेजारून एक चाक पुढं निघून गेलं.
मी हसलो. म्हटलं, कुणाचं हे?"
पुढचं सांगितलं नाही.
उजवा हात त्यांचा
खांद्याच्या वर जात नाही.

दुकानदारानं चाकं परत घेतली,
पैसे सगळे नाही.

तीन रविवार भंगारात गेले.
शेवटी एका ठोकलेल्या पॅलिओची सापडली:
फिकी, कडेला फुटपाथचे ओरखडे,
मापात मात्र सख्खी.
मधलं छिद्र हबवर असं बसलं
जसं स्टीलच्या डब्यावर झाकण,
शेवटी आतली हवा फुस्स करते तसं.

मी हात झटकले.

मेस्त्रींनी बोल्ट उचलला,
नुसत्या बोटांनी फिरवत आटे मोजले.
चार. पाचवा अर्धाच.
पत्र्याच्या चाकाला पुरायचे हे, चाक आता जाड.
लांब बोल्ट आणले, तर त्यांची बूड गोल
आणि चाकातला खळगा निमुळता.
परत गेलो. नाना पेठ आता मला
नावानं हाक मारू लागली होती.

निमुळते आले. आटे नऊ.
"चालतील," मेस्त्री म्हणाले, आणि मला वाटतं
ते त्या दिवसाचं कौतुक होतं.

मग शाडू.
गणपती होऊन महिना झालेला,
गल्लीतल्या म्हसवडेंकडं उरलेली माती
कारंज्याएवढ्या गोळ्यांत
मडगार्डच्या आतून चिकटवली, जागोजाग.
मागं तालमीतले दोघे बसवले,
पुढं भरत चोरडिया, जे एकटेच दोघांएवढे.
स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं,
गतिरोधकावरून मुद्दाम धाडकन.
तालमीतला एक म्हणाला, आम्हाला वाटलं सिंहगडला नेताय.

उतरून वाकून पाहिलं.
तीन कमानींत करंज्या जशाच्या तशा.
डाव्या पुढच्या कमानीत एक चपटी,
टायरची नक्षी उमटलेली,
मोदकाच्या साच्यातून निघावी तशी.
मेस्त्रींनी ती सोलून माझ्या तळव्यावर ठेवली.
"हे पत्र्यावर उमटलं असतं. नाहीतर रबरावर.
पावसात, भरल्या गाडीत, वळणावर."
टायर एक नंबर अरुंद घेतले.
पुन्हा माती, पुन्हा ते तिघे, पुन्हा वडापाव.

शेवटचा पाना कुणाला देत नाहीत ते.
जॅकवर असताना हलकं,
गाडी जमिनीवर आली की पुरतं,
एक सोडून समोरचा, शेजारचा कधीच नाही.
पायानं दाबायचं नाही, पाइप लावायचा नाही.
ठरल्या जोरावर पाना स्वतःच बोलतो:
टक्.
सोळा वेळा ऐकलं.

"शंभर किलोमीटर फिरव. मग ये."

दिवेघाट चढलो, उतरलो,
सासवडला चहा घेतला,
उतरताना दर वळणावर
खिडकीशेजारी पाहत राहिलो.

सोमवारी मेस्त्रींनी पाना पुन्हा लावला.
पंधरा बोल्ट लगेच टक्.
सोळावा आधी फिरला, पाव फेरा,
मग बोलला.

मेस्त्री माझ्याकडं बघेनात.
मी चपट्या मातीचा तो तुकडा
अजून डॅशबोर्डवर ठेवलाय. वाळून भेगाळलाय.
बायको म्हणते, टाक तो.